दादाची बाजू

ताई कवळ्या करायची. दाताच्या दवाखान्यात मागच्या अंगाला एक अरुंद खोली होती. तिला खिडकी एकच, तीही शेजारच्या इमारतीच्या पाइपांकडे उघडणारी. तिथे उंच स्टुलावर बसून ती एकतीस वर्षं लोकांना दात करून देत आली होती. पुढच्या खोलीत डॉक्टरीणबाई पेशंटच्या जबड्याचा ठसा घ्यायच्या, तो मागे यायचा. ताई त्यात प्लास्टर ओतायची, साचा काढायची, मेणात एकेक दात बसवायची, वरचा-खालचा चावा जुळतो का ते पुन्हा पुन्हा पाहायची. माणूस मात्र तिला दिसायचा नाही. कोण एकाच बाजूने चावतं, कोण झोपेत दात खातं, कुणाची हिरडी उजवीकडे बसलीय, हे सगळं तिला ठाऊक. पण तीच माणसं रस्त्यात समोर आली तर तिने ओळखली नसती. एकदा बसमध्ये शेजारची बाई हसली आणि ताईला एकदम वाटलं, वरचे पुढचे चार आपल्याच हातचे. पण असं विचारायचं तरी कसं? ती खिडकीबाहेर बघत बसली.

वय सत्तावन्न. लग्न झालं नव्हतं. का झालं नाही याला काही कारण नव्हतं. आधी वडिलांचं आजारपण, मग आईचं, आणि मध्ये वर्षं निघून गेली. आई जाऊनही सहा वर्षं झाली होती. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ती एकटी राहायची. शनिवारी दुपारी दवाखाना बंद झाला की सोमवारपर्यंत बोलायला कोणी नसे. सोमवारी सकाळी डॉक्टरीणबाईंनी काही विचारलं की पहिले दोन शब्द घोगरे निघायचे, आणि ती घसा खाकरून उगाच म्हणायची, की हवा बदललीय.

टेनिसचं वेड तिला लहानपणीच लागलं. वडील एका क्लबात मैदानाची देखभाल करायचे. रोलर फिरवायचा, पाणी मारायचं, चुन्याच्या रेघा ओढायच्या, जाळी ताणायची. मालक मंडळी खेळून गेली की क्लबाच्या मागच्या भिंतीपाशी ताई आणि तिचा दादा खेळायचे. दादा चार वर्षांनी मोठा. रॅकेट दोन, दोन्ही टाकाऊ, एकीच्या तारांना गाठी मारलेल्या. चेंडूंची लव केव्हाच गेलेली. जाळी म्हणून दोन खोक्यांवर आडवी ठेवलेली काठी.

दादाला धीर नव्हता. चेंडू मारला की तो पुढे धावायचा, काठीपाशी येऊन उभा राहायचा आणि पुढचा चेंडू हवेतच हाणायचा. लागला तर असा लागायचा की ताईला हलायलाही वेळ मिळायचा नाही. नाही लागला तर क्लबाच्या कुंपणापलीकडे. ताईचं उलट. ती मागे राहायची आणि येईल तो चेंडू परत करायची. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, काहीही येवो, परत. शेवटी दादाच वैतागून चूक करायचा आणि रॅकेट आपटायचा.

“तू खेळत नाहीस,” तो म्हणायचा, “तू नुसती परत करतेस. घोरपड आहेस घोरपड. धरलं की सोडायचं नाही.”

तेव्हापासून ती त्याची घोरपड झाली. दादाला नावं ठेवायची सवयच होती, आणि त्याने ठेवलेलं नाव माणसाला चिकटायचंच.

मोठेपणी दादा तीन तासांवरच्या गावात गेला. तिथल्या बसस्थानकावर तो सव्वीस वर्षं उद्घोषक होता. कुठली गाडी कुठल्या फलाटावर, कुठली उशिरा, कुठली रद्द, हे तो काचेच्या खोलीतून सांगायचा. त्याचा आवाज असा, की स्थानकासमोरच्या भांड्यांच्या दुकानात बसलेल्या माणसालाही आपली गाडी लागल्याचं कळायचं. त्याचं लग्न झालं, वहिनी आल्या. मूलबाळ झालं नाही.

भाऊबहिणीचं एरवीचं बोलणं बेताचंच. पण टीव्हीवर मोठा सामना असला की दोघे आपापल्या घरी टीव्हीसमोर बसायचे आणि फोन लावून स्पीकरवर ठेवून द्यायचे. मग तीन-तीन तास भांडण. दादा नेहमी पुढे धावणाऱ्याच्या बाजूने, ताई नेहमी मागे राहून परत करणाऱ्याच्या. तो खेळाडूंना नावं ठेवायचा, ती त्याच्या खेळाडूच्या चुका मोजायची. तब्येत कशी आहे, जेवलीस का, आईची आठवण येते का, हे त्या फोनवर कधी आलंच नाही. सामना संपला की जिंकलेला एवढंच म्हणायचा, “बघितलंस?” आणि हरलेला फोन ठेवून द्यायचा. आई गेली त्या वर्षीही त्यांनी असंच केलं. ताईला त्या वर्षी आधार कशाचा वाटला असेल तर त्या भांडणांचा.

एकोणीस महिन्यांपूर्वी दादा सकाळी दाढी करता करता खाली पडला. मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालण्यापुरता राहिला, आणि बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले की त्याला कळतं बरंचसं. पण शब्द सापडत नाहीत. सगळ्या शब्दांतून एकच शब्द मागे राहिला होता, कुणालाही वाटला नसता असा.

“पण.”

पाणी हवं असलं तरी “पण”, नको असलं तरी “पण”. झोप आली, दुखतंय, दिवा लावा, सगळ्याला “पण”. वहिनी हळूहळू आवाजाच्या चढउतारावरून ओळखायला शिकल्या. ताईला ते जमलं नाही. सुरुवातीला तिने फोन केले. वहिनी फोन दादाच्या कानाशी धरायच्या. ताईला त्याचा श्वास ऐकू यायचा, मग “पण… पण…”, आणि मग पुन्हा श्वास. ती म्हणायची, “हो दादा, हो.” कशाला हो, ते तिचं तिलाही माहीत नसायचं. मग फोन कमी झाले.

एकोणीस महिन्यांत ती चार वेळा जाऊन आली होती. गेली की खुर्चीसमोर बसून लहान मुलाशी बोलावं तशा आवाजात बोलायची, त्याच्या सगळ्याला हो म्हणायची, आणि परतीच्या बसमध्ये तिला स्वतःचा इतका राग यायचा की पुढचे चार महिने जायचं धैर्य व्हायचं नाही. टेनिस बघणं तिने सोडूनच दिलं. टीव्ही लावला की फोनकडे हात जायचा.

असं चाललेलं असताना तिच्याच शहरात मोठी स्पर्धा आली. देशोदेशीचे खेळाडू यायचे होते. डॉक्टरीणबाईंना एका पेशंटने दुसऱ्या फेरीचं तिकीट दिलं. त्यांना टेनिसमधलं ओ का ठो कळत नव्हतं. त्या तिकीट घेऊन मागच्या खोलीत आल्या आणि म्हणाल्या, की तुम्हीच जा, तुम्हाला त्यातलं कळतं. ताईने टेबलाकडे बोट दाखवलं. तीन कवळ्या अर्ध्या झालेल्या होत्या.

“दात काही पळून जात नाहीत,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “जा मुकाट्याने.”

आयुष्यभर टेनिस पाहिलेल्या ताईने खऱ्या मैदानात बसून व्यावसायिक खेळाडूंचा सामना कधी पाहिला नव्हता. गुरुवारी दुपारी ती लवकरच जाऊन बसली. पिशवीत पाण्याची बाटली, दोन सफरचंदं आणि उन्हासाठी आईची छत्री. छत्री उघडायची नाही असं दारावरच्या माणसाने बजावलं. जागा बऱ्यापैकी वर, कोपऱ्यात, पण अख्खं मैदान दिसेल अशी. एका बाजूला जिना, दुसऱ्या बाजूला नुकतेच निवृत्त झाल्यासारखे दिसणारे एक गृहस्थ आणि त्यांची बायको. दोघांनी सारख्या टोप्या घातल्या होत्या.

खेळाडू आले. एक छत्तीस वर्षांचा, ताडमाड, डावखुरा, दोन्ही गुडघ्यांना पट्ट्या. टेनिसमध्ये छत्तीस म्हणजे म्हातारपणच. दुसरा बावीसचा, आखूड बांध्याचा, मांड्या सुतारकामातल्या ठोकळ्यांसारख्या. दादा सोबत असता तर बॅगा खाली ठेवेपर्यंत त्याने दोघांची नावं ठेवून टाकली असती. ताईने प्रयत्न केला, पण तिला लांबड्या आणि बुटक्या याच्यापलीकडे काही सुचेना.

पहिला चेंडू मारला गेला आणि तिच्या लक्षात आलं, की टीव्हीवर आपण जे बघत होतो ते निराळंच काहीतरी होतं. इथे आवाज होता. लांबड्याची सर्व्हिस पडली की दार आपटल्यासारखं व्हायचं. वेग डोळ्यांत मावत नव्हता. आणि जाळीकडे धावणं किती मोठी जोखीम असते तेही इथे दिसत होतं. टीव्हीत ते चार पावलांचं वाटायचं. इथे तो माणूस उघड्या मैदानात एकटा धावत जात होता आणि त्याच्या दोन्ही बाजू मोकळ्या पडत होत्या.

लांबड्या दर सर्व्हिसनंतर पुढे यायचा. अशी माणसं आता उरली नव्हती. सगळे मागे राहूनच खेळतात. लांबड्याला मात्र दुसरं काही येतच नसावं. सर्व्हिस, चार ढांगा, आणि मग एकतर असा नाजूक टोला की चेंडू जाळीपलीकडे जागच्या जागी मरायचा, नाहीतर सरळ जाळीत. बुटक्या मागच्या रेषेच्याही दोन हात मागे उभा राहायचा आणि परत करायचा. येईल ते परत. चेहऱ्यावर काही नाही. गुण गेला तरी तसाच, मिळाला तरी तसाच. टॉवेलने तोंड पुसायचं आणि पुन्हा मागे जाऊन उभं राहायचं.

म्हणजे हा ताईचाच माणूस. गेली चाळीस वर्षं ती असल्याच माणसांच्या बाजूने भांडत आली होती.

तिसऱ्या गेममध्ये लांबड्याने एक सोपा चेंडू बाहेर मारला. ताईच्या तोंडात आलं, की घ्या, करा घाई. सवयीने आलं. पण म्हणायचं कुणाला? शेजारी जिना होता. तिने ते वाक्य गिळलं आणि तिला उगीचच थोडं भरून आलं. मग दोन गुणांनी लांबड्याने पुन्हा तसाच चेंडू घालवला. या वेळी मागून कुणीतरी हसलं, आणि ताईच्या तोंडून एकदम मोठ्याने निघालं, “पण पुढे गेला ना! पुढे जायला छाती लागते.”

वाक्य दादाचं होतं. अगदी शब्द न् शब्द. शेजारच्या गृहस्थांनी वळून पाहिलं आणि मान डोलावली.

“तुम्ही लांब्याच्या बाजूच्या वाटतं,” ते म्हणाले. “आमच्या हिला तो छोटा आवडतो.”

नाही म्हणणं सोपं होतं. पण तिला वाटलं, आज दादाची बाजू घ्यायला इथे कोणीच नाही. आपण आपल्याच बाजूने बसलो तर त्याची जागा रिकामी राहील.

“हो,” ती म्हणाली. “मी त्याच्याच बाजूची.”

आणि मग ती खरोखरच झाली. पहिला सेट लांबड्याने सहा-चारने घेतला तेव्हा ती टाळ्या वाजवत उभी राहिली. पुढच्या सेटमध्ये बुटक्याने त्याला धावून धावून दमवलं. चेंडू पायांत मारायचा, डोक्यावरून मारायचा, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. लांबड्या गुडघ्यावर हात ठेवून उभा राहू लागला. सेट सहा-तीनने बुटक्याकडे गेला. हेच सगळं घरी बसून बघितलं असतं तर ताई खूश झाली असती. आज तिला तो चिवटपणा बघवेना. लहानपणी काठीपलीकडे उभ्या असलेल्या दादाला कसं वाटत असेल, ते इतक्या वर्षांनी तिला कळत होतं. आणि तरीही तो रोज बोलवायला यायचा, रोज हरायचा, रोज पुढेच धावायचा.

तिसऱ्या सेटमध्ये लांबड्याने चार-दोन अशी आघाडी घेतली. शेजारचे गृहस्थ आता ताईशी बोलत बोलत टाळ्या वाजवत होते, त्यांची बायको तिकडून तोंड वाकडं करत होती. अर्ध्या तासात बुटक्याने बरोबरी केली. मग पाच-पाच. मग सहा-पाच बुटक्या. लांबड्याची सर्व्हिस, आणि बुटक्याला सामना जिंकायला एकच गुण हवा. लांबड्याची पहिली सर्व्हिस जाळीत गेली. दुसऱ्या सर्व्हिसवर कोणताही शहाणा माणूस मागे राहिला असता. तोही राहील असं सगळ्यांना वाटलं.

तो पुढे आला.

बुटक्याने चेंडू उंच उचलला. इतका उंच, की सगळ्यांना माना वर कराव्या लागल्या. लांबड्या वळला आणि त्या गुडघ्यांवर मागे धावला. रॅकेट लांबवली. चेंडू मागच्या रेषेवरच पडला आणि त्याच्या हातापुढून निघून गेला. तो दोन-तीन क्षण प्रेक्षकांकडे तोंड करून, जाळीकडे पाठ करून तसाच उभा राहिला. मग वळला आणि हात मिळवायला गेला.

लोक उठले. गृहस्थ म्हणाले की चालायचंच, आणि जिन्याकडे वळताना त्यांनी ताईला आधी उतरायची खूण केली; पण ती बसूनच राहिली. तिचे तळवे लाल झाले होते. पिशवीतून तिने फोन काढला. चार वाजून वीस मिनिटं झाली होती. या वेळी दादा झोपलेला असतो. आणि जागा असला तरी काय? तिला आत्ता ऐकणारा नको होता. तिला उलट बोलणारा हवा होता. तिने फोन परत ठेवला.

बाहेर पडताना सगळी माणसं दोघादोघांनी, चौघाचौघांनी चालली होती आणि सामन्याबद्दलच बोलत होती. ताईच्या पुढे दोन मैत्रिणी हातवारे करून वाद घालत होत्या. एक म्हणत होती, त्याने दुसऱ्या सर्व्हिसवर पुढे यायलाच नको होतं. दुसरी म्हणत होती, नाही आला असता तर तो तो राहिला नसता. ताई त्यांच्या मागून चालत राहिली. तिचा बसथांबा आला, गेला. सिग्नल आला. त्या ओलांडून गेल्या, तीही ओलांडून गेली. शेवटी त्या एका दुकानात शिरल्या, आणि ताई भलत्याच रस्त्यावर छत्री घेऊन उभी राहिली. तिथून घरी पोचायला तिला दोन बस बदलाव्या लागल्या.

रविवारी सकाळी ती दादाकडे गेली. आधी कळवलं नाही. कळवलं असतं तर वहिनींनी नीट या म्हटलं असतं आणि निघेपर्यंत विचार करकरून तिचा पाय मागे सरला असता. त्या गावच्या स्थानकावर आता ध्वनिमुद्रित आवाज होता, एका तरुण मुलीचा, सगळ्या गावांची नावं एकाच सुरात घेणारा.

वहिनींनी दार उघडलं आणि “वन्सं, तुम्ही?” एवढंच म्हणाल्या. त्या वाळल्या होत्या. दादा खिडकीशी खुर्चीत बसला होता, उजवा हात मांडीवर ठेवून दिल्यासारखा. दाढी केलेली, भांग पाडलेला. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “पण.”

ताई समोर बसली. नेहमीसारखा तो मऊ आवाज तिच्या घशाशी आला होता. तो तिने खाली ढकलला.

“दादा, मी गुरुवारी सामना बघितला,” ती म्हणाली. “टीव्हीवर नाही. मैदानात बसून.”

आणि तिने सांगायला सुरुवात केली. लांबड्याच्या पट्ट्या, बुटक्याच्या मांड्या, सर्व्हिसचा आवाज, शेजारच्या जोडप्याच्या टोप्या. दादा ऐकत होता की खिडकीबाहेर बघत होता, ते कळत नव्हतं. पहिल्या सेटला तो दोनदा “पण” म्हणाला, पण तसा तो म्हणायचाच. ताई सांगत राहिली. शेवटच्या गुणापर्यंत आली तेव्हा तिच्या मनात आलं, की लांबड्या जिंकला म्हणून सांगावं. कोण तपासायला जातंय? पण तिला हेही माहीत होतं, की ज्याची समजूत काढायची त्याच्याशी माणूस भांडत नाही. तिने सरळ सांगितलं.

“हरला. दुसऱ्या सर्व्हिसवर पुढे धावला मूर्खासारखा. बुटक्याने चेंडू वरून टाकला आणि झालं.”

“पण,” दादा म्हणाला.

एकोणीस महिने या शब्दाला ती हो म्हणत आली होती.

“पण काय?” ती म्हणाली. “पण काय, दादा? मागे राहिला असता तर वाचला असता. चार-दोनने पुढे होता. घाई नडली. तुझ्या सगळ्या माणसांना घाईच नडते.”

दादाने मान वळवली. त्याच्या गळ्याची शीर उभी राहिली.

“पण! पण… पण, पण…”

“छाती लागते, हेच ना? मग छाती घेऊन घरी जा. जिंकला कोण? परत करणारा. मी पहिल्यापासून त्याच्याच बाजूची होते. सगळ्या मैदानात मी एकटी त्याच्यासाठी टाळ्या वाजवत होते.”

दादाने डावा हात खुर्चीच्या हातावर आपटला. एकदा, दोनदा. चेहरा लाल झाला होता, तोंडाच्या एका कोपऱ्यातून लाळ आली होती, आणि तो सलग “पण, पण” म्हणत होता, वर जाणारा, खाली येणारा, मध्येच तोडलेला, पुन्हा सुरू केलेला. वहिनी हात पुसत आतून धावत आल्या. त्या त्याच्या खांद्याला धरणार, एवढ्यात थांबल्या आणि दोघांकडे आळीपाळीने बघत राहिल्या. ताई पुढे वाकून बोटांवर लांबड्याच्या चुका मोजून दाखवत होती. पाचव्या चुकीला दादाने तिचं बोट पकडलं आणि खाली दाबलं.

मग तो दमला. डोकं मागे टेकलं, आणि पाच मिनिटांत त्याला झोप लागली.

स्वयंपाकघरात वहिनींनी चहा केला. ताई म्हणाली की माझं चुकलं, त्याला त्रास झाला. वहिनींनी कप पुसायला घेतले.

“डॉक्टर सांगतात, त्यांना चिडू देऊ नका,” त्या म्हणाल्या. “म्हणून सगळे त्यांना हो म्हणतात. मी तर दिवसभर हो म्हणते. माझ्याशी कधी असे भांडले नाहीत, आधीसुद्धा. तुमचा फोन असला की मी आत जाऊन बसायची. मला वाटायचं, यात आपल्याला जागा नाही.”

इतक्या वर्षांत वहिनी फोनपलीकडच्या खोलीत बसलेल्या असतील, हे ताईच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

वहिनींनी कप खाली ठेवले आणि विचारलं, “वन्सं, ते खेळताना सारख्या बाजू का बदलतात हो? कधीची विचारीन म्हणते.”

ताईने सांगितलं, की एका बाजूला ऊन डोळ्यांत येतं, वाराही एकीकडूनच असतो. तो त्रास दोघांना सारखा वाटून यावा म्हणून. वहिनी बरं म्हणाल्या. मग त्यांनी चेंडू रेषेवर पडला तर काय, दोनदा सर्व्हिस कशाला, असं आणखी विचारलं आणि ताईने टेबलावर चमच्यांचं मैदान मांडून त्यांना सगळं समजावलं. जेवणाला उशीर झाला.

दुपारच्या बसने ताई निघाली तेव्हा दादा जागा होता. ती जाते म्हणाली, तो “पण” म्हणाला. वहिनी फाटकापर्यंत आल्या.

बसमध्ये तिला शंका आली. तो खरंच भांडला, की आपण त्याच्या तोंडी वाद घातला? बोट दाबलं ते रागाने, की नुसतं हातात आलं म्हणून? याचं उत्तर तिला कोणीच देऊ शकत नव्हतं, आणि पुढेही दिलं नाही. दादाला दुसरा शब्द कधी सापडला नाही. पण ताई दर दोन रविवारांनी जाऊ लागली. टीव्ही पुन्हा लागला. सामना बघताना ती आधी दादाच्या बाजूने बघायची, त्याचं म्हणणं काय असेल ते मनाशी पक्कं करायची, आणि रविवारी जाऊन त्याच्यासमोर बरोबर त्याच्या उलट बोलायची. वहिनी आता खुर्ची ओढून मध्ये बसायच्या आणि कधीकधी दादाच्या वतीने दोन शब्द टाकायच्या, बहुतेक चुकीचे. तेव्हा दोघे भाऊबहीण एकदमच त्यांच्याकडे बघायचे.

बाकीचे दिवस होते तसेच राहिले. सकाळी खोली उघडायची, प्लास्टर कालवायचं, न पाहिलेल्या माणसांचे जबडे टेबलावर ओळीने मांडायचे. लांबड्या त्या वर्षअखेरीस निवृत्त झाला. बातमी तिने दवाखान्यातल्या पेपरात वाचली. आतल्या पानावर चार ओळींची होती. तिने कात्रीने ती कापून घेतली. दादाला ती दाखवायची की नाही, हे मात्र तिला बरेच दिवस ठरवता आलं नाही.